नोरीनच्या पैशांची सोय

६ जानेवारी, सोमवार

नव्या वर्षाचा संकल्प एकच. नोरीनच्या पैशांची नीट सोय लावायची.

बँकेचं पत्र आलं. तिच्या आईचं स्टूरपोर्टचं घर विकून तिच्या वाट्याला आलेले अडतीस हजार पौंड आयसा खात्यात दोन वर्षांसाठी बांधून ठेवले होते. आयसा म्हणजे व्याजावर सरकारला दमडी द्यायची नाही. १० मार्चला मुदत संपते. अशा वेळी बहुतेक लोक काहीच करत नाहीत. मग बँक ते पैसे गुपचूप साध्या खात्यात टाकते आणि चिल्लर व्याज देते. मी बहुतेक लोकांतला नाही.

प्लॅन: सगळी रक्कम शेअर्सच्या आयसात न्यायची. करमाफी तशीच, वाढ भरघोस. गोम एवढीच की पैसे आपण काढायचे नाहीत. काढले की करमाफी गेली. नव्या कंपनीने जुन्या बँकेकडून परस्पर ओढून घ्यायचे. डेनिसला हे माहीत नव्हतं. भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीत त्याच्या तुकड्याशेजारीच माझा तुकडा आहे. तिथे उभं राहून त्याला अर्धा तास समजावलं. तो कोबी उपटत होता. म्हणाला, बरं.

खातं बायकोच्या नावावर आहे, ही किरकोळ बाब. गालिच्यांच्या कारखान्यात डिस्पॅचला एकतीस वर्षं काढली मी. माल कोणाच्या का नावावर असेना, पोचवण्याशी मतलब.

रात्री हॅम आणि बटाटे. दोन्ही कच्चे. नोरीनने पातेलं शेगडीवर ठेवलं, शेगडी लावलीच नव्हती. या नव्या शेगड्यांची बटणंच कळत नाहीत. टोस्ट आणि चीज खाल्लं.

१२ जानेवारी

नोरीन उदास. हवाच तशी आहे. आठवडाभर सूर्य नाही.

दुपारी तिने टीव्ही बंद केला आणि समोर येऊन बसली. म्हणाली, क्लाइव्ह, माझ्या डोक्याचं काहीतरी बिनसलंय आणि ते वाढत जाणार. आईचे पैसे हाताशी राहू देत. पुढे घरात मदतीला कोणी ठेवावं लागेल. मला वृद्धांच्या होममध्ये नको टाकूस.

म्हटलं, अगं, सगळेच विसरतात.

म्हणाली, काल मी कितीतरी वेळ जिन्यात उभी होते. वर जायचं होतं की खाली यायचं होतं, आठवेना. तू खाली पेपर वाचत होतास.

म्हटलं, मग हाक मारायची.

म्हणाली, तुझं नाव शोधत होते.

विनोदबुद्धी शाबूत आहे. म्हणजे काळजीचं कारण नाही. तिला शांतपणे समजावलं की पुढची चिंता आहे म्हणूनच पैसे वाढले पाहिजेत. दहा वर्षांत दुप्पट. मग एक काय, कामाला दोन बायका ठेवू. तिने परत टीव्ही लावला. पटलेलं दिसतंय.

१९ जानेवारी, रविवार

केरी जेवायला आली. आमची मुलगी, रेडिचला शाळेच्या ऑफिसात असते. येताना रोस्ट चिकन घेऊन आली, तयार. कशाला, विचारलं तर म्हणाली, सहज.

नोरीन वर झोपल्यावर मला स्वयंपाकघरात गाठलं. डॅड, आधी आईकडून मुखत्यारपत्र करून घे. वकील घरी येतो, आईशी एकटीशी बोलतो, तिला समजतंय ना ते बघतो, आणि सह्या होतात. आत्ता तिला समजतंय. उद्या समजेनासं झालं, की तू नवरा आहेस म्हणून कोणी तुला तिच्या पैशांना हात लावू देणार नाही.

म्हटलं, एकोणपन्नास वर्षांच्या संसारानंतर?

म्हणाली, शंभर झाली तरी. तिने वकिलाची वेळ घेऊनसुद्धा ठेवली आहे, २० फेब्रुवारी. डॉक्टरांकडे कधी नेतोस, तेही विचारलं. म्हटलं, मार्च होऊ दे. एका वेळी एक काम.

केरीला प्रत्येक गोष्टीत अपघात दिसतो. लहानपणी झोपाळ्यावर बसायचं तरी आधी साखळ्या ओढून बघायची.

२ फेब्रुवारी

आज श्रीगणेशा. नव्या कंपनीत नोरीनचं खातं ऑनलाइन उघडायला घेतलं.

पहिला प्रश्न, जोखीम किती घ्याल? मी 'साहसी'वर टिचकी मारली. नोरीन शेजारी बसून बघत होती. म्हणाली, साहसी कोण? म्हटलं, तू. म्हणाली, मी तर जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा बसले नाही कधी. म्हटलं, हे तांत्रिक असतं.

मग कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायचा. ओळख पटवायला. मान डावीकडे वळवा, असं लिहून येतं. नोरीन अख्खी मागे वळली, मागे कोण आहे ते बघायला. कोणी नाही म्हटल्यावर परत वळली. चार वेळा हेच. शेवटी पडद्यावर स्वतःलाच बघत बसली आणि हळूच मला म्हणाली, या बाईंना चहा विचारला का रे कोणी?

कॅमेऱ्याचा दर्जा फारच वाईट. माणूस ओळखू येत नाही. कंपनीला तक्रार करणार आहे. तोवर कागदी फॉर्म मागवला. कागदाचा जमाना काय वाईट होता?

११ फेब्रुवारी

फॉर्म आला. सगळं मी भरलं. नोरीनने फक्त सही करायची.

तिने सही केली नोरीन पार्ट्रिज. हे माहेरचं नाव. म्हटलं, टॉली, नोरीन टॉली. म्हणाली, हो हो, माहीत आहे, आणि खाली पुन्हा पार्ट्रिज. सरावासाठी कोरा कागद दिला. अख्खं पान भरून टाकलं तिने, एकाखाली एक पार्ट्रिज. शाळेत अक्षराचं बक्षीस मिळालेलं आहे तिला, ते कुठे लपत नाही.

शेवटच्या फॉर्मवर टॉली जमलं. मी फक्त तिचं कोपर धरलं होतं. पोस्टात टाकला. ट्रान्सफरचं मुख्य काम इथेच संपलं म्हणायला हरकत नाही.

१८ फेब्रुवारी

फॉर्म परत. सही बँकेकडच्या सहीशी जुळत नाही म्हणे. आता खातेदाराने स्वतः बँकेला फोन करून सांगायचं, पैसे अमक्या कंपनीला जाऊ द्या. फोनची वेळ २६ तारखेची मिळाली.

मग परवाच्या वकिलाचं काय? विचार केला. त्या दिवशी परका माणूस घरात येणार, तासभर प्रश्न विचारणार, नोरीन दमणार. आणि फोन तर आठवड्यावर आलेला. मोठ्या मॅचआधी खेळाडूला कोणी दमवतं का? वकिलाला कळवलं, पुढच्या महिन्यात या. २७ मार्च दिली त्यांनी.

केरीला कळवलं. तिने नवी तारीख लिहून घेतली. मग म्हणाली, डॅड, आजकाल तिचे चांगले दिवस किती येतात रे? मी म्हटलं, सगळेच चांगले असतात. तिने फोन ठेवला. मुलांना आता बोलण्याचीसुद्धा रीत राहिलेली नाही.

२४ फेब्रुवारी

रंगीत तालीम. मी बँक, नोरीन नोरीन.

जन्मतारीख: बिनचूक. आईचं माहेरचं नाव: बिनचूक, वर आजीचंही सांगितलं. घरचा पत्ता: इथे जरा अडखळते. कार्ड करून तिच्या हातात दिलं. आजच्या तालमीला दहापैकी आठ.

दुपारी पोस्टमन आला तर त्याला जन्मतारीख सांगितली. म्हणजे पाठ पक्का झाला.

२६ फेब्रुवारी, सकाळी ११

फोन झाला. तपशील लिहून ठेवतो, कारण तक्रारीला उपयोगी पडेल.

बँकेतली मुलगी, नाव शॅनन. आवाज गोड होता, ते मान्य करतो. नोरीनने जन्मतारीख सांगितली. पत्ता विचारल्यावर कार्ड हातात असून तिने तिकडे पाहिलंही नाही. सांगितला तो स्टूरपोर्टचा, आईच्या घराचा. कालव्याजवळचं शेवटचं घर, निळं फाटक, फाटकाची कडी मोडकी आहे, जरा उचलून ढकला. अगदी कडीपर्यंत सगळं सांगितलं. शॅनन म्हणाली, वा, छान आहे हो घर, पण सध्या कुठे राहता? मी हळूच पत्ता सांगितला. शॅनन म्हणाली, मिस्टर टॉली, कुजबुजू नका प्लीज, मला मिसेस टॉलींकडूनच ऐकायचंय.

मग तिने विचारलं, मिसेस टॉली, आज फोन कशासाठी केलात, तुमच्या शब्दांत सांगाल?

नोरीन म्हणाली, मला माहीत नाही गं. याला काहीतरी हवंय माझ्याकडून. रोज मागतो. मला देता येत नाहीये.

आणि रडायला लागली.

शॅननने कामाचं सगळं सोडलं आणि तिच्याशी हवापाण्याचं बोलत बसली, बराच वेळ. मग मला म्हणाली, मुखत्यारपत्र आहे का तुमच्याकडे? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग आज मला यापुढे जाता येणार नाही. खात्यावर तशी नोंद करते आहे. तुमच्याही मदतीला कोणी आहे का, मिस्टर टॉली?

मला कशाला मदत लागेल? बँकांचं प्रशिक्षण फार ढासळलंय. एका वयस्क बाईला फोनवर रडवलं त्यांनी.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी

नोरीन अजून ते पत्त्याचं कार्ड हातात धरून बसली आहे. सोडत नाही. असू दे.

३ मार्च

तक्रारअर्ज लिहिला. चार पानं. वाचून समाधान वाटलं. नोरीनला मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाली, छान लिहिलंय, कोणाच्या लग्नाचं आहे?

१० मार्च

मुदत संपली. पैसे साध्या खात्यात गेले. व्याज इतकं की लिहायला लाज वाटते.

याला अपयश म्हणता येणार नाही. मोठे गुंतवणूकदारसुद्धा योग्य संधीची वाट बघत रोख धरून बसतात. डेनिसला तसं सांगितलं. त्याने कांद्याची ओळ पुरी केली, हात पुसले आणि विचारलं, नोरीन कशी आहे? म्हटलं, विषय पैशांचा चाललाय. तो म्हणाला, माझा नाही.

१८ मार्च

नोरीन सकाळी फिरायला गेली होती. सांगून गेली असती तर बरं झालं असतं. पोलिसांनी आणून सोडलं. जुन्या कारखान्याच्या फाटकापाशी सापडली, जिथे आता सुपरमार्केट आहे. पायात सपाता, अंगावर नाइटगाऊन, वरून माझा कोट. पाऊस. ट्रॉल्या लावणाऱ्या पोराला विचारत होती, डिस्पॅचवाल्यांची पाळी सुटली का?

पन्नास वर्षांपूर्वी ती तशी यायची खरी. फाटकावर. चिप्स घेऊन.

पोलीस बाई म्हणाली, दाराला वर एक कडी बसवून घ्या. बसवली. वाटाणे-बटाटे केले. ती जेवली नाही. पाय गार पडले होते, चोळत बसलो. आज पैशांचं काही काम झालं नाही.

२७ मार्च

वकील आला. केरीही आली, शाळेतून रजा काढून. वकील तरुण आहे, टाय सैल. नोरीनबरोबर पुढच्या खोलीत बसला, दार लावून. आम्ही दोघं स्वयंपाकघरात. केरीने ओटा पुसला, मग परत पुसला.

बाहेर आला तो बॅग बंद करूनच. म्हणाला, फार गोड आहेत त्या. मला तीन वेळा चहा विचारला. पण कागद कशाचा आहे ते त्यांना समजत नाही, आणि समजत नसताना मी सही घेऊ शकत नाही.

मी म्हटलं, सकाळी ती ताजी असते, सकाळी या. तो म्हणाला, मिस्टर टॉली, सकाळचे साडेदहाच वाजलेत.

आता मार्ग एकच. कोर्टात अर्ज. खर्च आहे आणि महिने लागतील. जाताना दारात त्याने विचारलं, फेब्रुवारीत ठरलं होतं ना, तेव्हा कशा होत्या त्या? केरीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, फेब्रुवारीत आम्ही बिझी होतो.

केरी गाडीत बराच वेळ बसून होती, इंजिन सुरू न करता. मी खिडकीतून हात केला. तिने बघितलं नसावं.

५ एप्रिल

करवर्षाचा शेवटचा दिवस. शेअर बाजार या आठवड्यात आपटला. डेनिसच्या जावयाच्या पैशांतला म्हणे सहावा हिस्सा गेला. आमचा एक पेनीही गेला नाही. माझ्या संयमामुळे.

हे सांगायला वर गेलो. नोरीन बाथरूमचं दार आतून ओढत होती. ते बाहेर उघडतं.

२५ एप्रिल

जिन्यावरून पडली. खुबा नाही मोडला, मनगट मोडलं. हॉस्पिटलात आठवडा. डॉक्टरने मला बाजूला घेऊन त्या आजाराचं नाव सांगितलं. मी लिहून घेतलं नाही. विचारलं त्याने, किती दिवसांपासून लक्षात येत होतं? म्हटलं, इतक्यातच.

समाजसेवा खात्याची बाई भेटली. म्हणाली, घरी न्यायचं तर दिवसभर कोणीतरी हवं, तुमच्याच्याने एकट्याने उचलणं होणार नाही. मिसेस टॉलींच्या नावावर पैसे आहेत, तेव्हा सरकार देणार नाही, तुम्हीच द्यायचे. मी म्हटलं, त्या पैशांना मला हात लावता येत नाही. ती म्हणाली, हो, असं होतं बऱ्याच जणांचं.

म्हणजे पैसे आहेत म्हणून मदत नाही, आणि मदतीला पैसे नाहीत. ही सिस्टिम कोणी बनवली ते मला बघायचंय.

१ मे

घरी आणलं. दिवसाला चार तास एक बाई येते. ब्लेसिंग तिचं नाव, हरारेची. झिम्बाब्वेहून आलेली, हसरी, नोरीनला ममा म्हणते. नोरीनला ती आवडते. तिच्याबरोबर गाणं म्हणते. पैसे केरी भरते, स्वतःच्या. तिचं घराचं कर्ज चालू आहे. मी म्हटलं, कोर्टाचं झालं की व्याजासकट परत देईन. म्हणाली, व्याजाचं नाव काढू नकोस डॅड.

उरलेले वीस तास मी. ठीक चाललंय.

१६ मे

ठीक चाललंय. आज कपडे धुतले. दोनदा.

१९ मे

तिने मला मारलं. आंघोळ घालताना. माझ्या चष्म्याची काच गेली. तिला वाटलं कोणी परका आहे. मग तिचं तिलाच वाईट वाटलं, का ते कळलं नाही, पण वाईट वाटलं. मी टबाच्या काठावर बसून राहिलो. पाणी गार होईपर्यंत दोघंही.

ब्लेसिंग आल्यावर म्हणाली, तुम्ही झोपा जरा. मी म्हटलं, मी दमलेलो नाही. बसल्या जागी झोपलो.

केरी म्हणाली, आता चार तासांनी भागत नाही आणि जास्तीचं मला झेपत नाही. आईचे पैसे आत्ता हातात असते तर ब्लेसिंग पूर्ण वेळ राहिली असती. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

२३ मे

नोरीनला बीउडली रोडवरच्या होममध्ये ठेवलं. फक्त दोन आठवडे. मला जरा झोप मिळावी आणि कोर्टाचे कागद पुरे करावेत म्हणून. ते लोक बिल पैसे सुटेपर्यंत थांबवायला तयार आहेत. खोली छान आहे. खिडकीतून कार पार्क दिसतो.

सोडून निघताना तिने काही विचारलं नाही. सुटकेसवर बसून होती, कोट घालून, बटणं लावून.

घरी आलो. दाराची वरची कडी सवयीने लावली.

८ जून, रविवार

दोन आठवडे होऊन गेले. आणखी थोडे दिवस ठेवावं, असं सगळ्यांचं मत पडलं.

आज फाइल घेऊन गेलो. कोर्टाकडून अर्जाचा नंबर आलाय, शरद ऋतूपर्यंत काम होईल म्हणतात. मग पुढच्या मार्चला नव्याने ट्रान्सफर, असं टिपण केलंय. तिला दाखवावं म्हटलं.

ती हॉलमध्ये खिडकीशी बसली होती. अंगात दुसऱ्याच कोणाचा तरी स्वेटर. मला बघून सरसावून बसली, स्कर्ट नीट केला. फाइलकडे पाहिलं आणि म्हणाली, तुम्ही बँकेतून आलात ना?

मी फाइल काखेत घेतली.

म्हणाली, माझ्याशी बोलून तुमचा वेळ जाईल हो. मला त्यातलं कळत नाही. आमचे हे आहेत ना, त्यांच्याशी बोला. गालिच्यांच्या कारखान्यात असतात, डिस्पॅचला. फार हुशार माणूस.

मी म्हटलं, असं का.

म्हणाली, येतीलच आता. बसा की.

बसलो. तिथली एक मुलगी चहा घेऊन आली. नोरीनने आपल्या बशीतलं बिस्किट माझ्या बशीत ठेवलं. पाहुण्याला आधी. आम्ही दोघं दाराकडे बघत चहा प्यालो. लोक येत होते, जात होते. फाइल मी खुर्चीखाली सरकवली.

बराच वेळ गेल्यावर ती माझ्याकडे वाकली आणि जरा ओशाळून म्हणाली, एरवी ते असे नाहीत हो. आज फारच उशीर केला ना त्यांनी?

मी म्हटलं, हो. केला.